‘खेळणाऱ्या मुलांचे वर्ष वाया जाते’ या संदेशाला उत्तर

जुलै उजाडला की शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका भरण्याची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या पालकांनी पाठवला. नववी ते बारावीच्या मुलांना शाळेच्या संघात पाठवू नये, कारण स्पर्धांच्या धावपळीत त्यांचे वर्ष वाया जाते; खान्देशातील मूल विभागीय स्पर्धेच्या पुढे जातच नाही, कारण तेथील निवड आधीच ठरलेली असते; वयात आलेल्या मुलींच्या शरीराला धावणे आणि उड्या बाधतात; आणि एवढे करून हाती येणारे प्रमाणपत्र हा विकत मिळणाऱ्या कागदांपैकीच एक असतो, असा त्याचा आशय आहे. शेवटी शाळेच्या संमतीपत्रावर सही करू नका, असे आवाहन आहे.

मी तापीकाठच्या एका गावातील माध्यमिक विद्यालयात बावीस वर्षे क्रीडाशिक्षिका आहे. हा संदेश वाचून दरवर्षी माझ्या संघातील एखाद-दुसरे मूल गळते, म्हणून त्यातील प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला भाग आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या पालकांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांची काळजी खरी आहे. ती ज्या माहितीवर उभी आहे, ती चुकीची आहे.

पहिले विधान वर्ष वाया जाण्याचे. येथे दिवस मोजून पाहावेत. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी वर जातात. तालुक्याची स्पर्धा बहुधा एका दिवसात आटोपते आणि जिल्ह्याला एक-दोन दिवस लागतात. खो-खो, कबड्डीसारखे सांघिक खेळ बाद पद्धतीने होतात, म्हणजे हरलेला संघ त्याच संध्याकाळी घरी असतो. मैदानात उतरणाऱ्या शंभर मुलांपैकी बहुसंख्य मुले तालुका किंवा जिल्हा पातळीवरच थांबतात, त्यामुळे त्यांचे वर्षभरातील शाळेचे दोन-तीन दिवस जातात. विभागापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रवासासह आणखी दोन-तीन दिवस जातात. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या मोजक्या मुलांचा आठवडा जातो, हे मी नाकारत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा चालणे बंधनकारक केले आहे आणि माध्यमिक शाळाही साधारण तितकेच दिवस चालतात. त्यातले दोन-तीन दिवस गेले म्हणून वर्ष बुडाले, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. शिवाय तालुका ते विभाग हा टप्पा बहुतेक खेळांत पावसाळा आणि दिवाळीच्या आगेमागे उरकतो, तर मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते.

या विधानात आणखी एक गोष्ट दडली आहे आणि खान्देशात ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे शाळेचे दिवस खेळामुळे फारसे बुडत नाहीत. ते कापूस वेचणीत बुडतात, लग्नसराईत बुडतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर गुजरातच्या किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेवर बुडतात. माझ्या वर्गातील मुलांची हजेरी मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहते, तेव्हा वेचणीच्या दिवसांत अर्धा बाक रिकामा असतो आणि त्या अनुपस्थितीविरुद्ध कोणताही संदेश फिरत नाही. उलट स्पर्धेत उतरायचे तर मुलाचे नाव शाळेच्या पटावर असावे लागते, बोनाफाईड लागते आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र लागते. पहाटे साडेसहाच्या सरावाला आलेले मूल साडेदहाच्या प्रार्थनेलाही उभे असते, हा माझा रोजचा अनुभव आहे. ज्यांची शाळा सुटण्याची भीती होती, अशा काही मुलांना कबड्डीच्या संघाने दहावीपर्यंत टिकवून धरलेले मी पाहिले आहे. याचा अर्थ खेळणारे प्रत्येक मूल अभ्यासात पुढे जाते असा नाही, आणि तसा दावा मी करणारही नाही. दहावीत पहिल्या चाचणीत एखादा विषय राहिला असेल, तर त्या मुलासाठी सराव कमी करून शिकवणीचा वेळ वाढवणे हे शिक्षकाचे काम आहे आणि तसे न करणाऱ्या शाळेला पालकांनी जाब विचारलाच पाहिजे.

दुसरे विधान असे की विभागाच्या पुढे खान्देशातले मूल जात नाही, कारण निवड ठरलेली असते. यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मैदानी स्पर्धांत निकाल घड्याळ आणि टेप देतात. १०० मीटर धावणे, गोळाफेक, लांब उडी यांत पंचाला फार तर फाउल देता येतो, आणि तोही लाल निशाण वर करून, सर्वांच्या देखत. सांघिक खेळांत विजेता संघच पुढे जातो. राज्याच्या स्पर्धेनंतर राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना मात्र निवड समितीचे मत चालते आणि तेथे अन्याय होऊ शकतो. आमच्या एका मुलीच्या वेळी तो झाला असे मला आजही वाटते, आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही. परंतु हा प्रश्न ज्या टप्प्यावर येतो, त्या टप्प्यापर्यंत हजारातले एखादेच मूल पोहोचते. त्या टोकावरच्या अन्यायासाठी खालच्या तीन पायऱ्या सर्वांनाच बंद करण्याने कोणत्या मुलाचे भले होते, हे संदेशात कोठेही सांगितलेले नाही.

आपली मुले विभागात मागे का पडतात, याचे खरे कारण मी मैदानावर उभी राहून पाहिले आहे. क्रीडा विभागाच्या रचनेत नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे एका विभागात येतात आणि महापालिका क्षेत्रांचे संघ वेगळे असतात, म्हणजे तेथे गावातल्या मुलांची गाठ शहरातल्या मुलांशी पडते. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. पावसात त्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. चुन्याची फक्की टाकून आखलेल्या रेषेवर अनवाणी धावणारे मूल विभागाला पहिल्यांदा स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालते, तेही कोणाकडून तरी उसने घेतलेले, आणि अशा जोड्याने धावताना पावलाचा अंदाज बदलतो.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी दहावीत असताना लांब उडीत विभागापर्यंत गेली. शाळेत तिचा खड्डा तापीच्या वाळूचा होता आणि धाव घेण्याची जागा ती स्वतःची एक चप्पल ठेवून ठरवायची. विभागाला पहिल्या दोन्ही उड्या फाउल झाल्या, कारण कठीण पट्टीवर तिची पावले शाळेपेक्षा लांब पडत होती. तिसऱ्या उडीआधी तिने मला काही विचारले नाही. ती परत गेली, चप्पल उचलली, एक पाऊल मागे ठेवली आणि मग धावली. उडी नियमात बसली, तिचा क्रमांक पाचवा आला आणि ती राज्याला गेली नाही. त्या मैदानावर तिच्याविरुद्ध कोणी कट केला नव्हता. तिच्या गावात कठीण धावपट्टी नव्हती, एवढेच खरे होते. संदेश लिहिणाऱ्यांनी मैदाने मागितली असती, क्रीडाशिक्षकांची रिक्त पदे भरा असे म्हटले असते, तर मी स्वतः तो संदेश पुढे पाठवला असता.

आणि पुढे जाणारे कोणीच नाही, हेही खरे नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. आपल्याच क्रीडा विभागातील, हरसूल परिसरातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ही नावे मी मोजकीच घेते, कारण अशी माणसे थोडीच असतात आणि प्रत्येक मुलाला त्यांच्या मापाने मोजणे हाच या संदेशातला मूळ घोटाळा आहे. पदक नाही मिळाले म्हणजे खेळ फुकट गेला, असे मानणाऱ्याला तालुक्याचे मैदान कधीच कळणार नाही.

मुलींविषयीच्या विधानावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. हे विधान पुरुषांपेक्षा घरातल्या आज्या आणि काकू अधिक मनापासून मानतात आणि त्यामागे माया असते. ‘पयीसन काय भेटी तुले?’ (पळून काय मिळणार तुला?) असे एक आजी आपल्या नातीला माझ्यासमोर विचारत होत्या आणि तो प्रश्न रागाचा नव्हता. पण धावण्याने किंवा उड्यांनी गर्भाशय सरकते, पुढे मूल होण्यास अडचण येते, या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट हाडांची घनता बऱ्याच अंशी किशोरवयातच घडते आणि शरीराचे वजन पेलणारा व्यायाम, म्हणजे धावणे आणि उड्या, ती वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोरदार व्यायाम सुचवते आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी, होत नसेल तर खेळावे, हे त्या मुलीने ठरवायचे असते. सोबत शिक्षिका किंवा महिला पालक असली, तर ती हे सांगूही शकते.

खरा धोका वेगळाच आहे आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशी मुलगी मैदानाच्या दुसऱ्या फेरीत धापा टाकते आणि लोक म्हणतात की बाईच्या जातीला हे झेपत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, हे आधी पाहावे. आमच्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आहे, शेंगदाणे आहेत, डाळी आणि पालेभाज्या आहेत. सकाळी उपाशी पोटी सरावाला पाठवणे मात्र बंद झाले पाहिजे, कारण पुरेसे न खाता खूप व्यायाम केला तर पाळी थांबू शकते आणि हाडे कमकुवत होऊ शकतात. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यामुळे तेथील मुलामुलींची रक्ततपासणी संघात घेण्यापूर्वीच झाली पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये. वाहक असलेले, म्हणजे आजार नसला तरी त्याचा अंश रक्तात असलेले, मूल खेळू शकते, परंतु उन्हात पाणी न पिता त्याला सतत धावायला लावणे जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात ४४-४५ अंशांपर्यंत पारा चढणाऱ्या आपल्या भागात सकाळी आठनंतर जोराचा सराव घेऊच नये, असे माझे मत आहे, आणि ते मुले-मुली दोघांनाही लागू आहे.

प्रमाणपत्राचा मुद्दा थोडक्यात संपतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण पातळीनुसार कमी-अधिक मिळतात आणि त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. म्हणजे दहावीच्या ५०० पैकी फार तर पाच टक्के, आणि तेही वरच्या पातळीच्या कामगिरीला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, हे खरे आहे. ती उघडकीस आली, कारण कागद तपासले गेले. कोणी खोटी गुणपत्रिका छापली म्हणून आपण मुलांना परीक्षेला बसवणे थांबवत नाही.

गरीब घराला खर्च परवडत नाही, असेही संदेशात ओझरते म्हटले आहे, आणि या एका मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. नाशिकला विभागीय स्पर्धेला जायचे तर धडगावच्या मुलाला चांदसैली घाट उतरून तळोदा, नंदुरबार आणि मग पुढचा लांबचा पल्ला गाठावा लागतो. एसटीचे भाडे, राहणे, जेवण यांतले कितपत शाळा उचलते आणि कितपत घरावर पडते, हे प्रत्येक शाळेत वेगळे असते आणि पालकांना ते बहुधा आधी सांगितले जात नाही. आमचा संघ पहाटेच्या गाडीने निघतो, तेव्हा मुलींच्या पिशव्यांत घरून बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते आणि दोन दिवस त्यावरच निघतात. हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही. धावायला गेलेल्या मुलीला दुपारी गरम जेवण मिळाले पाहिजे.

म्हणून संमतीपत्र हाती आले की नाही म्हणण्याआधी शाळेत जाऊन विचारावे: सोबत कोण शिक्षक येणार, मुली असतील तर शिक्षिका आहे का, रात्री मुक्काम कोठे, भाडे आणि जेवण कोणाकडे, प्रवेशिका मुदतीत भरली का, बुडालेले तास केव्हा भरून घेणार. आमच्याच शाळेत एका वर्षी प्रवेशिका उशिरा भरल्यामुळे अख्खा खो-खो संघ घरी बसला होता आणि पालकांपैकी कोणीही विचारायला आले नव्हते. ते आले असते, तर त्या बारा मुली तालुक्याला नक्की गेल्या असत्या.