अडीचशे एमबीचा माळा

कॉम्प्युटरचं अपडेट सलग चौथ्यांदा फसलं असेल, तर सगळ्यात आधी चूक तुमचीच आहे हे कबूल करा. परवा ऑनलाइन सातबारा काढताना तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असेल. नाहीतर प्रिंटर चालू असतानाच वायर ओढली असेल. काहीच आठवत नसेल तर भाच्याला फोन करा, तो आठवून देईल. 'मामा, काय दाबलंस तू?' हे त्याचं पहिलं वाक्य असतं. तुम्ही काहीच दाबलेलं नाही, हे उत्तर तो गेली दहा वर्षं ऐकतोय आणि त्याचा त्यावर विश्वास नाही.

चूक मान्य झाली की मुहूर्ताकडे वळा. विंडोजची सुरक्षा-अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. २००३ पासून मायक्रोसॉफ्टने हा नेम पाळलाय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की अपडेट सुटतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. एका तासाचा फरक पडतो, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळंसुद्धा अपडेट करतात आणि ती मात्र पहिल्या फटक्यात होतात. सांगायचं तात्पर्य, मंगळवारचा उपास सोडून तुम्ही आडवे होता तेव्हा अपडेट उतरायला लागतं आणि बुधवारी सकाळी रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला, ओटीपी आलेला असताना, स्क्रीन निळी होते. या वेळी चिडू नका. टक्के मोजा. तीस, सत्तर, शंभर. मग एक रीस्टार्ट, आणि त्यानंतर 'अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत.' बदल मागे घेणं मात्र एकदाही फसत नाही. कंपनीचं खरं कौशल्य तिथे आहे.

आता उपचार. सुरुवात 'ट्रबलशूटर'पासून करावी. हा गृहस्थ फार अदबशीर आहे. तो तुमची आस्थेने चौकशी करतो, एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे पळवतो आणि शेवटी काही अडचण आढळली नाही असं सांगतो. तुम्हाला आढळलीय, पण तुम्ही ट्रबलशूटर नाही.

मग काळी खिडकी, म्हणजे हुकूम टाइप करायचा 'कमांड प्रॉम्प्ट', उघडा. इथे विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करायचा हुकूम, 'एसएफसी स्कॅननाऊ', लिहून एंटर मारायचा, ते झालं की त्याचा थोरला भाऊ 'डिझम'. डिझम ६२.३ टक्क्यांवर येऊन बसून राहतो, अशी त्याची ख्याती आहे. त्याला डिवचू नका. चहा टाका. काळ्या खिडकीचा मोठा फायदा म्हणजे मागून जाणाऱ्या घरच्या मंडळींना तुम्ही काहीतरी जबरदस्त करताय असं वाटतं. निदान अर्धा तास कोणी भाजी आणायला सांगत नाही. त्यानंतर अपडेटच्या सेवा बंद करून 'सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन' या फोल्डरच्या नावापुढे 'ओल्ड' जोडा. नाव बदललं की बाधा जाते, हे आपल्याकडे नवीन नाही. (याने खरोखर कधीकधी काम होतं. उतरताना खराब झालेल्या फायली बाजूला पडतात आणि अपडेट पुन्हा नव्याने उतरतं. पण उपरोधिक लेखात उपयुक्त माहिती किती द्यायची, यालाही मर्यादा आहे.)

एवढं करूनही फसलंच, तर शिकण्यासारखं एक जुनं प्रकरण आहे. ९ जानेवारी २०२४, अर्थात दुसरा मंगळवार. विंडोज १० साठी 'केबी ५०३४४४१' नावाचं अपडेट आलं आणि जगभरच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर फसायला लागलं. स्क्रीनवर आकडा यायचा: ०एक्स८००७०६४३. लोक घाबरले. तुम्ही घाबरू नका, त्याची फोड करा. 'एक्स'पर्यंतचा भाग सांगतो की पुढचं सगळं सोळाच्या पाढ्यात मोजलंय. शेवटचे तीन आकडे ६४३, म्हणजे आपल्या साध्या हिशेबात १६०३. आणि विंडोजच्या यादीत १६०३ समोर लिहिलंय, 'इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली.' म्हणजे अपडेट बसलं का नाही? तर बसवताना बसलं नाही म्हणून. हे शोधायला तुम्हाला सोळाचा पाढा लागला, हा तुमचा फायदा.

पुढची गंमत कंपनीनेच लिहून ठेवलीय. इथे खरं तर 'जागा कमी पडली' असा निरोप यायला हवा होता. पण चूक कळवणाऱ्या यंत्रणेतच चूक असल्याने त्याऐवजी हा आकडा दिसतो. म्हणजे आजारी पेशंट आणि तापलेला थर्मामीटर.

जागा कुठली? तर माळ्यावरची. तुमच्या डिस्कवर 'रिकव्हरी पार्टिशन' नावाचा एक छोटा माळा असतो. 'माय कॉम्प्युटर' उघडलं तरी तो दिसत नाही. तुम्ही तो बांधलेला नाही, किती मोठा हवा हेही तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. बहुतेक घरांत विंडोज बसताना विंडोजनेच तो काढला, साधारण अर्ध्या जीबीचा. कॉम्प्युटर उठेनासा झाला तर त्याला उठवायची हत्यारं तिथे ठेवलेली असतात. जानेवारीचं अपडेट त्या हत्यारांच्या पेटीतलीच एक खोट दुरुस्त करणार होतं. लॅपटॉप प्रत्यक्ष हाती लागलेल्या चोराला माळ्यावरून वळसा घालून 'बिटलॉकर' हे डिस्कचं कुलूप चुकवता येत होतं. दुरुस्ती चांगलीच होती. बऱ्याच घरगुती मशिनांना ते कुलूप लावलेलंच नसतं, पण दाराला कुलूप नाही म्हणून किल्लीवाल्याने यायचंच नाही असं थोडंच आहे?

दुरुस्तीसाठी माळ्यावर २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नव्हती. तुमच्या सी ड्राइव्हवर ३०० जीबी रिकामे असतील, पण हॉल मोकळा आहे म्हणून माळ्यावर पिंप चढत नाही. लग्नाचे व्हिडिओ पुसू नका, रिसायकल बिन घासूनपुसून लख्ख करू नका, त्याने माळा तसूभरही रुंद होणार नाही. कितीतरी लोकांनी त्या जानेवारीत पुसलं. त्यांच्या अल्बमांना माझा नमस्कार.

मग बिल्डरने काय करावं? आपल्या ओळखीचे बिल्डर करतात तेच केलं. पत्र पाठवलं: माळा लहान पडतोय, कृपया तुम्हीच पाडून मोठा बांधा. सोबत कृती. आधी बॅकअप घ्या. मग काळ्या खिडकीत जाऊन माळ्यावरची हत्यारं बाजूला काढा. डिस्कच्या भिंती हलवणारं 'डिस्कपार्ट' उघडा. हॉलची भिंत २५० एमबी आत सरकवा. जुना माळा पुसून टाका. नवा बांधा, त्याच्या कपाळावर बत्तीस अक्षर-आकडे आणि चार आडव्या रेघा असलेली ओळख गोंदवा, फॉरमॅट करा, हत्यारं परत ठेवा. एवढंच. हे पत्र ज्यांच्या नावे होतं त्यांतल्या निम्म्यांना वर्डमध्ये पानाची रुंदी बदलता येत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण मला स्वतःलाही ती येत नाही.

एक जागा मात्र नीट बघा. पार्टिशनचा आकडा लिहिताना चुकलात तर माळ्याऐवजी सामानाची खोली, म्हणजे तुमचा डी ड्राइव्ह, निवडाल. पुसण्याच्या हुकमापुढे 'ओव्हरराइड' हा शब्द आहे, म्हणजे 'नक्की ना?' असं विचारायला तिथे कोणी उभं नाही. साधी रिसायकल बिन रिकामी करतानाही विचारणारं हे मशीन खोली पाडताना एकदाही विचारत नाही.

काहींच्या कॉम्प्युटरवर माळाच नव्हता. त्यांनाही अपडेट देऊ केलं गेलं आणि त्यांचंही फसलं. त्यांना उत्तर मिळालं की मग तुम्हाला या अपडेटची गरज नाही, चुकीकडे दुर्लक्ष करा. काही महिन्यांनी हेही कळवण्यात आलं की हा घोळ आपोआप सुटेल असं पुढचं कुठलंही अपडेट येणार नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडला. आपल्याकडे असं स्पष्ट 'होणार नाही' ऐकायला माणसाला तीन टेबलं फिरावी लागतात.

भिंती पाडायच्या नसतील तर गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे जा. तो मशीन चालू न करताच निदान करतो: 'फॉरमॅट मारावा लागेल.' आवाज येत नाही, फॉरमॅट. माउस हळू चालतो, फॉरमॅट. बिजागरी तुटलीय, 'ती बघू, आधी फॉरमॅट मारून घेऊ.' मग तो विचारतो, 'सी मधलं काही ठेवायचंय का?' तुम्ही ठामपणे नाही म्हणता, कारण तुमचं सगळं तर डेस्कटॉपवर आहे. डेस्कटॉप सी मध्येच असतो, हे ज्ञान प्रत्येकाला आयुष्यात एकदाच आणि त्याच संध्याकाळी होतं.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे अपडेट लपवणं. त्यासाठी कंपनीचंच एक छोटं हत्यार होतं. हट्टी अपडेटवर खूण करायची, की ते यादीतून नाहीसं होतं आणि समोर हिरवी टिकली येते: सगळं अद्ययावत आहे. पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलतात, तितकंच हे सुरक्षित आहे. सेटिंग्जमधून अपडेटांना पस्तीस दिवस विश्रांतीही देता येते. मधे एक दुसरा मंगळवार हमखास येतोच, तो डोळे मिटून काढा.

आणि हे काहीच जमलं नसेल तर नुसते बसून राहा. ज्यांनी त्या जानेवारीपासून काहीही केलं नाही, ते १४ ऑक्टोबर २०२५ ला मोकळे झाले. त्या दिवशी, अर्थात दुसऱ्या मंगळवारीच, विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. आता विंडोज ११ घ्या. तुमच्या जुन्या मशीनमध्ये 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून ते बसत नाही? मग नवा लॅपटॉप घ्या. दसऱ्याला आणा, हळदकुंकू वाहा, झेंडूचं फूल ठेवा, फक्त ते पंख्याच्या जाळीवर नको. चालू केल्यावर तो तुमचं नाव विचारेल, मग वायफाय विचारेल, मग म्हणेल की अपडेट शोधतोय, कृपया बंद करू नका.

टक्के चढायला लागले की दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा आणि बायकोला साक्षीला बसवा. उद्या भाच्याचा फोन येईल.