‘आमचा चमू’ म्हणजे नेमके कोण?

गोव्याच्या फेणीविषयी, मानकुराद आंब्याविषयी किंवा काणकोणच्या खोला मिरचीविषयी एखादे छोटे संकेतस्थळ उघडावे, तर दर वेळी तीच कोट-टायमधली हसरी माणसे आणि ‘आम्ही सर्वोत्कृष्ट अनुभव देण्यास कटिबद्ध आहोत’ हेच वाक्य समोर येते. परवा अशाच एका फेणीच्या संकेतस्थळावर मी अर्धा तास घालवला. काजूची बोंडे कोणत्या डोंगरावरची, ती खडकातल्या ‘कोळंबी’ नावाच्या कुंडात पायांनी तुडवली की यंत्राने पिळली, पहिल्यांदा गाळलेल्या हुर्राक या सौम्य मद्यापासून पुढे फेणी कोणाच्या भट्टीवर उतरली, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता; ‘आमचा चमू’ मात्र चार वेळा होता. (तो चमू म्हणजे सत्तरी तालुक्यातले एक पती-पत्नी आहेत, हे मला फोन केल्यावर कळले.) फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ती इथल्या मातीशी आणि इथल्या हातांशी बांधलेली आहे म्हणूनच, मग तेच हात का लपवायचे? किंमत, पत्ता, परवाना हे सारे चोख असलेच पाहिजे, त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु इतक्या नेमक्या विषयाकडे वळणाऱ्या मोजक्या माणसांना कंपनीचा चकचकीत स्वागतकक्ष कशाला दाखवता? यंदा पाऊस लवकर आल्यामुळे हंगाम आटोपता घ्यावा लागला, एवढे तरी स्वतःच्या शब्दांत सांगा.