गळा बघा, रंग नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. फ्लोरिडातल्या माझ्या अंगणात दिसलेला सरडा म्हणजे बाहेरून आलेला, उपरा ‘तपकिरी अ‍ॅनोल’ (अ‍ॅनोल म्हणजे अमेरिकेकडचे छोटे सरडे), असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तो इथलाच हिरवा अ‍ॅनोल, फक्त रंग बदललेला. तुमच्या ह्यूस्टनच्या घरीही तो रोज दिसतो. वर एक टोला : स्वतः सातासमुद्रापार जाऊन राहणाऱ्याने सरड्याला उपरा म्हणावं? आणि उपराच आहे तर मारत का नाही?

हिरवा अ‍ॅनोल तपकिरी होतो, हे अगदी बरोबर. गारठला किंवा बिथरला की होतोच. म्हणून मी रंगावर गेलोच नाही. हा पठ्ठ्या कुंपणाच्या खांबावर डोकं खाली करून बसला होता. दोन-चार जोर मारले आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली. शेंदरी-लाल, कडेला पिवळी किनार. हिरव्याचा गळा सहसा गुलाबी असतो. शिवाय हिरव्याचं तोंड लांब नि निमुळतं, याचं आखूड. आणि तपकिरी अ‍ॅनोल काही केल्या हिरवा होत नाही. (साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचे निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचे सरडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा पंखा किरकोळच वाटेल.)

आता उपरेपणा. तपकिरी अ‍ॅनोलचं मूळ घर क्युबा आणि बहामा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर त्याची पहिली नोंद 1887 सालची, म्हणजे इथे त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. माझ्यापेक्षा तोच जुना रहिवासी! त्याच्या येण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तो आल्यावर हिरव्याचं काय होतं, ते मला बघायचंय. फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावरच्या मॉस्किटो लगून या खाजणातल्या छोट्या बेटांवर संशोधकांनी 1995 मध्ये मुद्दाम तपकिरी अ‍ॅनोल सोडले. काही महिन्यांतच हिरवे झाडांवर आणखी उंच बसू लागले. पुढे 2010 मध्ये मोजमापं घेतली, तर तपकिरी पोचलेल्या बेटांवरच्या हिरव्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या निघाल्या. उंचावरच्या गुळगुळीत फांद्या-पानांना चिकटून राहायला त्या लागतात. जेमतेम वीस पिढ्यांत एवढा फरक. तेव्हा ‘तपकिरी आला की हिरवा संपला’ असं मी म्हणणार नाही. तो वर सरकतो आणि आपल्या नजरेच्या टप्प्यातून जातो. अर्थात तपकिरी हिरव्याची पिल्लं खातो, तेवढं मात्र गोड मानून घेता येत नाही.

मारायचं म्हणाल, तर एका अंगणातले मारून काय साधणार? शेजारच्या अंगणातून दुसरे येतील. मादी उन्हाळाभर थोड्या थोड्या दिवसांनी एकेक अंडं ओलसर मातीत घालत असते, आणि नर्सरीतल्या कुंड्यांत ओलसर मातीला काय तोटा? कुंडीबरोबर अंडंही गावोगाव फिरतं. म्हणून जास्वंद आणली की मी वरची माती बोटाने उकरून बघतो. चिंचोक्याहून लहान, पांढुरकं अंडं दिसलं तर काढून टाकतो. एवढंच माझ्या हातात आहे.

आणि हो, तपकिरी अ‍ॅनोल ह्यूस्टनलाही केव्हाच पोचलाय. तुमच्याकडचा तो ‘रंग बदललेला’ सरडा गळा उघडेपर्यंत जरा दम धरा आणि फोटो इथेच टाका. गुलाबी निघाला तर तुमचं खरं.