देठ, पत आणि पहिली छाप

दर रविवारी नाशिकहून येणाऱ्या फोनवर गेले काही महिने एकच वाद ऐकू येतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भावाचे यंत्रांचे सुटे भाग बनवणारे छोटे वर्कशॉप आहे आणि त्याचा कारभार आता हळूहळू भाच्याकडे जात आहे. पुण्या-मुंबईचे ग्राहक दारातच आपली पारख करतात असे भाच्याचे मत असल्याने त्याला शेडची रंगरंगोटी, इंग्रजी पाटी, गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक आणि स्वतःसाठी दोन सूट हवे आहेत. दादाचे उत्तर ठरलेले आहे : ‘तीस वर्षं ऑइलच्या डागांच्या शर्टात ऑर्डरी आणल्या, आपला माल बोलतो.’ मग भाचा विचारतो, ‘आत्या, तुमच्याकडे काय पाहतात?’ मी अकरा वर्षे रॉटरडॅमजवळ फळे आयात करणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. फोनवर त्याचे उत्तर नीट देता आले नाही, ते येथे देते.

भाचा व्यक्तिमत्त्व विकासाच्या ज्या वर्गाला जाऊन आला, तेथे त्याला सांगण्यात आले की संवादात शब्दांचे महत्त्व फक्त ७ टक्के असते आणि उरलेले ९३ टक्के आवाजाचे व देहबोलीचे. ही आकडेवारी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आली आहे. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनातली आवड किंवा नावड लोक कशावरून ओळखतात, एवढेच तपासले होते. हे आकडे सगळ्या संवादाला लागू होत नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. दरपत्रकात टॉलरन्स, म्हणजे सुट्या भागाचे माप किती कमीजास्त चालेल याची मर्यादा, चुकीचा लिहिला, तर कोणतीही देहबोली तो दुरुस्त करणार नाही.

तथापि दादाची बाजूही पूर्ण बरोबर नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी तो विश्वासू आहे की नाही, कर्तबगार आहे की नाही, याविषयी माणसाचे मत तयार होते. पाहायला अधिक वेळ दिला, तर मत फारसे बदलत नाही, त्या मताविषयीची खात्री मात्र वाढते. छाप पडतेच, आपण तिची दखल घेतली नाही तरी पडते. ऑइलच्या डागांचा शर्ट दादाला चालून गेला, कारण त्याच्या ग्राहकांना तो आधीपासून ठाऊक होता. सातपूर-अंबडमध्ये नुसते आडनाव सांगितले तरी मागची तीस वर्षे समोरच्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि याच भांडवलाला आपण पत म्हणतो. भाचा ज्या नव्या ग्राहकाच्या दारात उभा राहणार आहे, त्याला ते आडनाव ठाऊक नाही. हे मी स्वतः अनुभवले आहे. इथले डच खरेदीदार स्वेटर घालून, कधी सायकलवरून बैठकीला येतात, ते पाहून पहिल्या वर्षी मीही साधे कपडे घालून गेले. एका ग्राहकाने मला पॅकिंगच्या लाइनवरची कामगार समजून तपासनीस कुठे आहे, असे विचारले. साधेपणा ज्यांना परवडतो त्यांच्यामागे आधीची ओळख उभी असते, हे त्या दिवशी कळले आणि ते मनाला लागले.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमच्याकडे नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर येतात. पेटी उघडली की मी आधी देठ पाहते. देठ हिरवा असेल तर काढणीनंतर घड वेळेवर थंड झाले आणि समुद्रप्रवासात थंडी बहुधा तुटली नाही. देठ सुकून तपकिरी झाला असेल तर निफाड किंवा दिंडोरीपासून इथपर्यंत कुठेतरी हयगय झाली. मणी दाबून पाहणे, गळालेले मणी मोजणे, साखर तपासणे हे सगळे नंतर येते. देठ कोणी खात नाही, पण त्या मालाची सगळी हकीगत त्यावर लिहिलेली असते आणि तिला वरून रंग देता येत नाही. व्यवसायातली पहिली छाप अशी असावी, असे मला मनापासून वाटते.

तशी ती नसली तर काय होते, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदारांइतके कोणाला ठाऊक असेल? परप्रांतातला व्यापारी मोठी गाडी घेऊन बांधावर येतो, चांगला बोलतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजतो, दुसरीचे थोडे बाकी ठेवतो आणि हंगामाच्या शेवटी लाखोंची उधारी ठेवून नाहीसा होतो. अशा फसवणुकीच्या तक्रारी इतक्या साचल्या होत्या, की २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना पैसे वसूल करून देण्यासाठी खास मोहीम घ्यावी लागली. वर्षभराची छाटणी, फवारणी आणि कर्ज ज्या बागेत ओतलेले असते, ती बाग एका गाडीच्या चकाकीवर विश्वास ठेवून रिकामी होते, याचे मला फार दुःख होते. आपल्याकडे छाप पाडायला शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत, ती तपासायला शिकवणारा मला अजून आढळलेला नाही. नेदरलँड्समध्ये प्रत्येक व्यवसायाला व्यापार नोंदवहीतला क्रमांक आपल्या पत्रांवर आणि बिलांवर छापावा लागतो आणि नव्या पुरवठादाराशी बोलणी सुरू करण्यापूर्वी आम्ही तो क्रमांक पडताळून पाहतो. त्याचा कोणालाही राग येत नाही. आपल्याकडेही जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो, परंतु बांधावर आलेल्या माणसाला तो विचारणे अजून आपल्याला अपमानासारखे वाटते.

म्हणून भाच्याला माझे सांगणे असे, की माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, यंत्रांची यादी आणि कोणत्या मापापर्यंत अचूक काम करता येते ते लिही. प्रत्येक लॉटसोबत तपासणीचा अहवाल पाठव, चौकशीला त्याच दिवशी उत्तर दे आणि माल उशिरा निघणार असेल तर ग्राहकाने विचारण्याआधी कळव. आमच्याकडे गेल्या हंगामात एका पॅकहाऊसने जहाज बंदराला लागण्यापूर्वीच काही पेट्यांत मणी बारीक असल्याचे कळवले होते. या वर्षीचा पहिला फोन आम्ही त्यांनाच केला. शेडमध्ये प्रकाश आणि स्वच्छ जमीन हवीच, आणि सूट एक पुरे.

अहवालाचे दादाला पटले, सुटाचे अजून पटलेले नाही. पाटीवर आजोबांनी ठेवलेले मराठी नाव मोठ्या अक्षरांत वर असावे आणि इंग्रजी खाली, हा हट्टही त्याने सोडलेला नाही. त्यात मी त्याच्या बाजूने आहे, कारण अंबडला पहिल्यांदा येणारा ग्राहक चौकातल्या चहावाल्यालाच पत्ता विचारणार, आणि त्याला वर्कशॉप त्याच नावाने ठाऊक आहे.