‘एक पान, एक मिनिट’ आणि बाकीच्या थापा

‘पुस्तकांची वाट लावणारे सिनेमावाले : पाच सत्यं’ या मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तो वाचून पटकथेच्या कोर्सला असलेल्या भाचीने कादंबरीचं एकेक प्रकरण क्रमाने ‘सीन’मध्ये उतरवायला घेतलंय, तेव्हा आता बोलायलाच हवं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. पुस्तकाचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, त्यामुळे काटछाट हा निव्वळ आळस. मोठा दिग्दर्शक मूळ पुस्तकाला हात लावत नाही. लेखकानेच पटकथा लिहिली की सिनेमा बिघडत नाही. बदल होतात ते फक्त गल्ल्यासाठी. आणि एकदा हक्क विकले की लेखकाने गप्प बसावं.

पहिल्या ‘सत्या’ने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. पानाला मिनिट हा ठोकताळा आहे खरा, पण तो पटकथेच्या पानाचा. कुरियर टाइप, बारा पॉइंट, भरपूर समास, संवाद मधल्या अरुंद पट्टीत. अशी १२० पानं म्हणजे साधारण दोन तास. तोही अंदाजच. खटकेबाज संवादांचं पान पाऊण मिनिटात उडतं आणि ‘दोन्ही सैन्यं भिडतात’ ही एक ओळ दहा मिनिटं खाते. हा हिशोब छापील कादंबरीला लावायचा म्हणजे किलोच्या मापाने कापड मोजायचं.

एक वाक्य घेऊन बघा : ‘पुढची दहा वर्षं तो रोज त्याच गाडीने कामावर गेला आणि घरी कुणी त्याला काही विचारलं नाही.’ पुस्तकात दीड ओळ. पडद्यावर? पहिल्या अर्ध्यासाठी तीच खिडकी, वेगवेगळे शर्ट, पिकत जाणारे केस असे चार-पाच शॉट, प्रत्येकाचा मेकअप आणि प्रकाशयोजना वेगळी. दुसरा अर्धा तर चित्रित करताच येत नाही. कुणी विचारलं नाही, हे दाखवायचं तर जेवणाचा एक प्रसंग हवा, त्यात कुणीतरी विचारण्यासाठी तोंड उघडावं आणि मग भाजीच वाढावी. हा प्रसंग पुस्तकात नाही, तो रचावा लागतो. म्हणजे मूळ वाक्याशी इमान राखायचं तरी भर घालणं आलंच. उलट वाड्याचं दोन पानी वर्णन तीन सेकंदांच्या एका शॉटमध्ये संपतं, कारण ती दोन पानं कलादिग्दर्शकाने आधीच उभी केलेली असतात. कॅमेरा एका वेळी एकच दिवस टिपतो, ‘रोज’ टिपू शकत नाही. प्रकरणांमागून प्रकरणं जशीच्या तशी उतरवणारे नेमके इथे अडकतात, आणि मग निवेदकाचा आवाज आणून सगळं वाचून दाखवतात.

पानांच्या हिशोबाचं खरंखोटं करायचं तर हॅरी पॉटर घ्या. मालिकेतल्या सगळ्यात जाड, पाचव्या पुस्तकाचा सिनेमा १३८ मिनिटांचा, म्हणजे आठांपैकी दुसरा सगळ्यात छोटा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा तेंडुलकरांनी एक सिनेमा लिहिला, १९७९ चा ‘सिंहासन’. त्यांना आळशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आणि अक्षरशः सगळं दाखवायचा हट्टही कुणी केला नाही असं नाही. एरिक फॉन स्ट्रोहाइमने ‘मॅकटीग’ कादंबरीवरून ‘ग्रीड’ काढला, त्याची पहिली आवृत्ती आठ तासांच्या पुढे गेली. १९२४ मध्ये लोकांना दिसला तो स्टुडिओने छाटलेला, दोन तासांहून थोडा जास्त.

मोठा दिग्दर्शक हात लावत नाही? ‘पथेर पांचाली’ काढून बघा. बिभूतिभूषणांची कादंबरी सत्यजित राय यांना परकी नव्हती. तिच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती. तरी १९५५ च्या सिनेमात त्यांनी काय केलं? कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरून लवकर जाते, तेही मोठ्या माणसांच्या समोर. सिनेमात ती बरीच पुढे जगते आणि तिचं प्रेत सापडतं दुर्गा-अपू या भावंडांना. कादंबरीत दुर्गाच्या तापाचं कारण दिलेलं नाही, सिनेमात ती पावसात भिजते. कादंबरी गाव सोडल्यावर काशीतही चालू राहते. सिनेमा बैलगाडीपाशी थांबतो आणि काशी पुढच्या ‘अपराजितो’ या सिनेमात येते.

आणि आगगाडी! काशफुलांतून धावत भावंडं गाडी बघायला जातात तो प्रसंग कादंबरीत नाही. तिथे ती गाडी शोधायला निघतात, पण त्यांना ती दिसत नाही. पुढे आजारी दुर्गा अपूला म्हणते, बरी झाल्यावर मला एकदा रेल्वे दाखवशील? रायनी गाडी आणली, पण धावताना दुर्गाला मागे ठेवलं. रुळांजवळ पोचतो तो एकटा अपू. घटना बदलली, दुर्गाचं राहून जाणं तेवढंच राहिलं. एखादा बदल बरा की वाईट हे असं तपासायचं असतं. किती गोष्टी बदलल्या याची यादी करून काही कळत नाही.

लेखकाने पटकथा लिहिली की भागलं, याला फार वेळ देत नाही. कुब्रिकचा १९८० चा ‘द शायनिंग’ मूळ लेखक स्टीफन किंगला आवडला नाही, म्हणून १९९७ मध्ये त्याने स्वतः टीव्हीसाठी लिहून पुस्तकाबरहुकूम मालिका करून घेतली. लोक आजही कुब्रिकचाच बघतात. ‘गॉडफादर’मध्ये मूळ लेखक मारिओ पुझोच पटकथेला होता, पण कादंबरीतलं म्हाताऱ्या डॉनचं, व्हिटोचं तरुणपण त्यात नाही, ते १९७४ च्या दुसऱ्या भागात आलं.

गल्ल्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आर. के. नारायण यांच्या ‘गाइड’ कादंबरीतला मार्को, म्हणजे रोझीचा नवरा, आपल्या गुंफांत बुडालेला, कोरडा माणूस. तिथे रोझीला सोडून जातो तो मार्कोच. १९६५ च्या हिंदी सिनेमात तो बाहेरख्याली दाखवला, म्हणजे नवऱ्याला सोडणाऱ्या बाईला प्रेक्षकांनी माफ करावं. मालगुडी गेलं, राजस्थान आलं. शेवटी पाऊस पडतो की नाही हे कादंबरी सांगत नाही, सिनेमात धो धो पडतो. नारायण यांनी लेख लिहून राग काढला, तो बरोबरच होता. कातरलं ते भीतीपोटी. पण यावरून प्रत्येक कात्री गल्ल्यासाठीच चालते असं कसं ठरतं?

शेवटचं ‘सत्य’ तर धडधडीत खोटं, आणि नव्या लेखकांना घातक. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५७ सांगतं की हक्क पूर्ण विकल्यावरही, लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाविरुद्ध त्याला दाद मागता येते. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’वरच्या सिनेमाबद्दल हेच कलम वापरलं. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की माध्यम बदलताना काही फेरफार होणारच, पण मूळ कृती ओळखूच येऊ नये इतके ते नसावेत. कलम १९ ही वाचून ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि वेगळी अट नसेल तर वर्षभरात न वापरलेले हक्क परत येतात. सही करण्याआधी एवढं तरी लिहून घ्या : श्रेयनामावलीत ‘आधारित’ येणार की ‘प्रेरित’, चित्रीकरणापूर्वी पटकथा वाचायला मिळणार का, आणि नाही पटली तर स्वतःचं नाव काढून घ्यायची मुभा आहे का.