निर्बंध कोणावर, ते आधी सांगा

ऑलिंपिक किंवा वर्ल्ड कप जवळ आला की एक दावा हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: क्रीडा संघटनांनी राजकारणात पडू नये, त्या मनाला येईल तशी बंदी घालतात, मुळात हे पाश्चात्त्यांचं हत्यार आहे, आणि निर्बंधांनी आजवर एकाही खेळाडूचं भलं झालेलं नाही, उलट तोच भरडला जातो. पहिली दोन विधानं चुकीची आहेत. उरलेल्या दोहोंत अर्धं तथ्य आहे, आणि दिशाभूल त्या अर्ध्या तथ्यानेच जास्त होते.

गोंधळ होतो तो सगळे निर्बंध एकाच पिशवीत टाकल्यामुळे. राष्ट्रीय संघटनेचं निलंबन वेगळं आणि एखाद्या प्रशिक्षकाचं किंवा पदाधिकाऱ्याचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे स्पर्धेचं अधिकृत ओळखपत्र, काढून घेणं वेगळं. यजमानपद किंवा निधी काढून घेणं तिसरं. आणि सरकारांनी नाव घेऊन एखाद्याला व्हिसा नाकारणं, त्याची मालमत्ता गोठवणं चौथं. झळ कोणाला बसते, किती लवकर आणि ती मागे कशी घेता येते, हे चारही ठिकाणी निराळं असतं.

‘संघटनांनी राजकारणात पडू नये’

त्या केव्हाच पडल्या आहेत. 10 नोव्हेंबर 2023 ला आयसीसीने श्रीलंका क्रिकेटला निलंबित केलं. कारण सरकारी हस्तक्षेप. तिथल्या क्रीडामंत्र्यांनी बोर्ड बरखास्त केल्याला आठवडाही उलटला नव्हता. 19 वर्षांखालील वर्ल्ड कप श्रीलंकेकडून काढून दक्षिण आफ्रिकेला दिला गेला. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला (एआयएफएफ) ‘त्रयस्थाचा हस्तक्षेप’ म्हणून निलंबित केलं होतं, कारण कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांच्या हातात होता. म्हणजे न्यायालयाने नेमलेली समितीसुद्धा चालत नाही, आणि निर्णय मात्र झटपट होतो.

आता याच आयसीसीचं अफगाणिस्तानबाबतचं वागणं पाहा. हा देश 2017 पासून पूर्ण सदस्य आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या बोर्डाने 25 महिला खेळाडूंना करारबद्ध केलं. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आलं आणि महिला संघ संपला; बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात पोचल्या. सरकारी हस्तक्षेपाचं याहून ढळढळीत उदाहरण कुठलं? पण इथे निलंबन नाही. या विस्थापित खेळाडूंसाठी वेगळा निधी आणि कृती गट जाहीर व्हायला एप्रिल 2025 उजाडलं. पुरुष संघावर सरसकट बंदी घालावी असं आमचं म्हणणं नाही, त्याने त्या 25 जणींपैकी एकीलाही बॅट मिळणार नाही. महिला क्रिकेटच्या वाट्याचा निधी बोर्डाकडून काढून थेट त्यांच्याकडे वळवणं मात्र पहिल्या वर्षीच करता आलं असतं.

थोडक्यात, संघटनांकडे हत्यार आहे आणि ते चालवायची सवयही आहे. ते चालतं पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्या हलल्या की. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या (आयओसी) अधिवेशनात ऑलिंपिक सनदेच्या मूलतत्त्वांमध्ये आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा उल्लेख घातला गेला खरा. पण सोबत ‘ऑलिंपिक चळवळीच्या कक्षेत’ अशी पाचरही मारून ठेवली आहे. ही कक्षा कुठे संपते हे आयओसीच ठरवणार.

‘मनाला येईल तशी बंदी घालतात’

घालायला जातात, पण ती टिकत नाही. इराणच्या ज्युडोचं प्रकरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखं आहे.

ऑगस्ट 2019, टोकियो, जागतिक अजिंक्यपद. 81 किलो गटातला गतविजेता सईद मोलाई. पुढे इस्रायलच्या सागी मुकीशी गाठ पडू शकते, म्हणून त्याने हरावं किंवा माघार घ्यावी असा दबाव स्पर्धा चालू असतानाच तेहरानहून आला. तो उपांत्य फेरीत हरला, नंतर जर्मनीला गेला. आंतरराष्ट्रीय ज्युडो महासंघाने सप्टेंबरमध्ये इराणी महासंघाला निलंबित केलं आणि ऑक्टोबरमध्ये ठरवलं, की पुन्हा असं होणार नाही अशी ठोस हमी मिळेपर्यंत निलंबन चालूच राहील.

1 मार्च 2021 ला लुझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने, म्हणजे ‘कॅस’ने, तो निर्णय रद्द केला. इराणी महासंघाने नियमांचा गंभीर भंग केला हे लवादाने मान्य केलं. पण ‘हमी मिळेपर्यंत बेमुदत’ अशी शिक्षा ज्युडो महासंघाच्या नियमावलीत कुठेच नव्हती. प्रकरण शिस्तपालन समितीकडे परत गेलं आणि एप्रिलमध्ये तिने मुदतबंद शिक्षा दिली: 18 सप्टेंबर 2019 पासून मोजून चार वर्षं. ही टिकली. त्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये मोलाईने मंगोलियाकडून रौप्यपदक घेतलं, ते त्याने इस्रायलला अर्पण केलं असं म्हटल्याने पुन्हा गहजब झाला, तो भाग वेगळा.

धडा कोरडा आहे, पण कामाचा. गुन्हा सिद्ध असूनही शिक्षेचा प्रकार नियमावलीत आधी लिहिलेला नसेल, तर ती पडते. परतीची अट घालायची असेल तर ‘अट पूर्ण होईपर्यंत’ हे शब्दसुद्धा नियमात आधीपासून हवेत. इराणला मिळालेला दीड वर्षांचा गोंधळ हा या एका वाक्याच्या अभावाचा परिणाम होता.

‘हे पाश्चात्त्यांचं हत्यार’

इतिहास याच्या उलट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी क्रीडाव्यवस्थेविरुद्ध रेटा लावला तो प्रामुख्याने आशिया-आफ्रिकेने. 1974 मध्ये भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. अमृतराज बंधू भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने न खेळता करंडक सोडून दिला. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकवर आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला, कारण दक्षिण आफ्रिकेशी रग्बी खेळणाऱ्या न्यूझीलंडला तिथे प्रवेश होता. पुढे संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळणाऱ्यांची नावनिशीवार यादी ठेवायला सुरुवात केली. नाव घेऊन निर्बंध ही कल्पना वॉशिंग्टनने शोधलेली नाही.

अर्धं तथ्य आहे ते निवडकपणात. बहारीनचा फुटबॉलपटू हकीम अल-अरैबी ऑस्ट्रेलियात निर्वासित म्हणून राहत होता. नोव्हेंबर 2018 मध्ये बँकॉकच्या विमानतळावर बहारीनच्या सांगण्यावरून त्याला पकडलं, आणि दोन महिन्यांहून जास्त काळ तो थाई तुरुंगात होता. त्याने ज्यांच्यावर जाहीर टीका केली होती, ते बहारीनच्या राजघराण्यातले गृहस्थ आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. बहारीनच्या फुटबॉल संघटनेचं काही वाकडं झालं नाही. हा निवडकपणा खराच आहे. पण त्यावरचा उपाय एकच नियम सगळ्यांना लावणं हा आहे. कोणालाच न लावणं नव्हे.

‘भरडला जातो तो खेळाडूच’

हे कधी खरं होतं ते आधी सांगू. एआयएफएफचं निलंबन दोन आठवडेही टिकलं नाही, पण गोकुलम केरळचा महिला संघ त्याच दिवसांत आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. हस्तक्षेप पुरुष पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा, आणि न खेळता परत आल्या त्या मुली. निलंबन आणखी लांबलं असतं तर ऑक्टोबरात मडगाव, नवी मुंबई आणि भुवनेश्वरला झालेला 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कपही गेला असता. सरसकट निलंबनाचा हाच दोष आहे.

पण ते तसंच घालायला हवं असं नाही. जागतिक कुस्ती संघटनेने 23 ऑगस्ट 2023 ला भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. कागदावरचं कारण महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांचं नव्हतं, वेळेत निवडणूक न घेतल्याचं होतं (पुन्हा तेच: नियम होता तो निवडणुकीचा). मात्र खेळाडूंना तटस्थ म्हणून मोकळं ठेवलं. सप्टेंबरात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने संघटनेच्या झेंड्याखाली 53 किलोत कांस्य घेतलं आणि पॅरिस ऑलिंपिकचा कोटाही (देशासाठी एक जागा) मिळवला. 13 फेब्रुवारी 2024 ला निलंबन उठलं, ते लेखी हमीची अट घालून: ऑलिंपिक चाचण्यांसह सगळीकडे कुणाशीही भेदभाव होणार नाही, आणि यात त्या आरोपांवरून आंदोलन करणारे तिघेही (बजरंग पुनिया, साक्षी मलिक, विनेश फोगट) आले. पुढच्याच महिन्यात विनेश फोगट पतियाळ्याच्या चाचणीत उतरली. ती चाचणी महासंघाने नव्हे, तात्पुरत्या समितीने घेतली होती, तेव्हा सगळं श्रेय त्या हमीला देता येत नाही. तरी अशी हमी कागदावर आली ती निलंबन उठवण्याच्या बदल्यात, हे विसरू नये.

यजमानपदाचं उदाहरण बेलारूसचं. 2021 ची आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अर्धी राजधानी मिन्स्कला व्हायची होती. देशात निदर्शकांची धरपकड चालू, सरकारविरोधी खुल्या पत्रावर सह्या करणाऱ्या खेळाडूंना तुरुंग आणि संघाबाहेरची वाट. आणि आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटनेचे अध्यक्ष जानेवारीत मिन्स्कला जाऊन राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोंना मिठी मारून आले. नंतर प्रायोजक स्कोडाने पैसे काढून घेण्याचा इशारा दिला, निव्हिया आणि लिक्वी मोली याही सरसावल्या, आणि 18 जानेवारीला मिन्स्क रद्द झालं. खेळाडू लाटव्हियातल्या रीगामध्ये खेळले. यात भरडला गेला तो कोण?

सगळंच साधतं असं नाही. सरकारविरोधी निदर्शनांत उतरलेला इराणी मल्ल नविद अफकारी याला 12 सप्टेंबर 2020 ला फाशी दिली गेली. त्याला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशावर अमेरिकेने निर्बंध घातले ते 24 सप्टेंबरला. आधीच घातले असते तर जीव वाचला असता असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. उशिरा घातलेले नक्कीच कामाचे नव्हते.

वेळेचा हा प्रश्न स्पर्धा चालू असताना सर्वांत टोकदार होतो. बेलारूसची धावपटू क्रिस्त्सीना त्सिमानौस्काया 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला 100 आणि 200 मीटरसाठी गेली होती. तिला न विचारता 4x400 रिलेत नाव घातलं, कारण दुसऱ्या मुलींच्या पुरेशा डोपिंग चाचण्या झालेल्या नव्हत्या. तिने इन्स्टाग्रामवर तक्रार केली. 1 ऑगस्टला, 200 मीटरच्या आदल्या दिवशी, मायदेशी धाडण्यासाठी तिला सामान भरायला लावून हानेडा विमानतळावर नेलं. तिथे तिने मोबाइलवरच्या भाषांतर ॲपमध्ये मदत मागणारं वाक्य टाइप करून स्क्रीन जपानी पोलिसांपुढे धरला. विमानात बसली नाही ती त्यामुळे. पोलंडने मानवतावादी व्हिसा दिला, 4 तारखेला ती निघाली. आयओसीने प्रशिक्षक युरी मोइसेविच आणि आर्तुर शुमाक यांची ॲक्रेडिटेशन्स काढून त्यांना ऑलिंपिक ग्राम सोडायला सांगितलं ते त्यानंतर, 5 तारखेच्या रात्री. 9 ऑगस्टला अमेरिकेने बेलारूसच्या ऑलिंपिक समितीलाच निर्बंधांच्या यादीत टाकलं. त्यातला एक आरोप असा, की व्हिसाबंदी चुकवायला या समितीचा उपयोग होतो. यात तथ्य कसं असू शकतं हे कळायला एक तांत्रिक गोष्ट माहीत हवी: ऑलिंपिकचं ॲक्रेडिटेशन कार्ड पासपोर्टसोबत दाखवलं की यजमान देशात प्रवेश मिळतो, वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून हे कार्ड काढून घेणं म्हणजे नुसतं मैदानाचं दार बंद करणं नव्हे. मोइसेविचवर ॲथलेटिक्समधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटच्या कारवाईत पाच वर्षांची बंदी आली ती 2024 मध्ये.

म्हणजे पोलिसांनी काही मिनिटांत, आयओसीने चार दिवसांत, अमेरिकी सरकारने आठ दिवसांत, आणि खेळाच्या शिस्तयंत्रणेने तिसऱ्या वर्षी. यातला चार दिवसांचा टप्पा तासांवर आणता येतो, आणि त्यासाठी नवं काही शोधायला नको. डोपिंगमध्ये स्टेरॉइडसारखं द्रव्य ‘ए’ नमुन्यात सापडलं की ‘बी’ नमुन्याची (त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या, पडताळणीच्या नमुन्याची) वाट न पाहता खेळाडू तात्पुरता निलंबित होतो, सुनावणी नंतर. खेळाडूला तिच्या इच्छेविरुद्ध विमानतळावर नेल्याची तक्रार आली, की नेणाऱ्याचं कार्ड त्याच तासाला स्थगित आणि बाजू मांडायला 48 तास, असं कलम आयओसीच्या ॲक्रेडिटेशन नियमांत घालता येईल. तक्रारीत लागतात त्या गोष्टी मोजक्या: कोणी सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत, पासपोर्ट कोणाकडे आहे, आणि मेसेज किंवा ध्वनिमुद्रण असेल तर त्याची प्रत ऑलिंपिक ग्रामाबाहेरच्या कुणाकडे तरी. खेळाडूच्या चुकीला जी तत्परता लागू होते ती तिच्या प्रशिक्षकाला का नको, याचं उत्तर ‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी द्यावं.