पहिला नंबर कोणासाठी?

दरवर्षी जूनच्या आसपास 'राहण्यासाठी जगातली सर्वोत्तम शहरं' अशी यादी येते आणि दोन दिवस सगळ्या ग्रुपवर तिचाच धुरळा उडतो. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पहिल्या दहातल्या शहरात असते ते ती उत्साहाने फॉरवर्ड करतात, बाकीचे एक अंगठा टाकून पुढे सरकतात.

सगळ्यात जास्त फिरते ती इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या ब्रिटिश संशोधन संस्थेची, म्हणजे ईआययूची यादी. २०२५ साली तिच्यात कोपनहेगन पहिलं आलं आणि आधीची तीन वर्षं पहिलं असलेलं व्हिएन्ना खाली घसरलं. लगेच 'कोपनहेगनची बाजी' अशा बातम्या. आता गुण बघा. कोपनहेगनला २०२४ मध्ये १०० पैकी ९८ होते, २०२५ मध्येही ९८च. बाजीबिजी काही मारली नाही, ते शहर जागच्या जागी उभं होतं. व्हिएन्ना तेवढं ९८.४ वरून ९७.१ वर आलं, कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गायिका टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमांवर हल्ला करण्याचा कट उघडकीला आला, कार्यक्रम रद्द झाले आणि 'स्थैर्य' या रकान्यातले गुण कापले गेले. त्या शहरातल्या ट्राम, दवाखाने, शाळा, बागा सगळं जिथल्या तिथे. रोज सकाळी ट्राम पकडून कामावर जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात १.३ गुणांचा नेमका कोणता फरक पडला, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

यादी खोटी असते असं मला म्हणायचं नाही. ती बऱ्यापैकी प्रामाणिक असते. फक्त ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आपला नसतोच.

या पाहण्यांचा मूळ उपयोग काय, तर एखाद्या कंपनीने आपला अधिकारी परदेशात बदलीवर पाठवला तर त्याला गैरसोयीपोटी किती भत्ता द्यायचा हे ठरवणं. ईआययूच्या पद्धतीत त्याचा तक्ताच आहे: शहराला ८० च्या वर गुण असतील तर जादा काही द्यायची गरज नाही, ५० किंवा त्याखाली असतील तर पगाराच्या २० टक्के. मर्सर या सल्लागार कंपनीची यादीही अशाच कामासाठी निघते. तिच्यात व्हिएन्ना २०१९ पर्यंत सलग दहा वेळा पहिलं होतं. एकदा हा हेतू कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. ईआययूच्या यादीत चांगली घरं उपलब्ध आहेत का हे बघतात, पण भाडं किती हे बघत नाहीत. महागाईची त्यांची पाहणीच वेगळी. बदलीवरच्या साहेबाचं भाडं कंपनी भरते, त्यामुळे त्याच्या लेखी प्रश्न मिटला. ज्याचा अर्धा पगार घरभाड्यात जातो त्याच्यासाठी 'राहण्यायोग्य' या शब्दात आणखी उरतंच काय?

ईआययूच्या यादीचा २०११ चा किस्सा तर मला फार आवडतो. कॅनडातलं व्हँकुव्हर कित्येक वर्षं पहिलं होतं, ते तिसऱ्यावर गेलं आणि मेलबर्न वर आलं. कारण दिलं होतं मालाहॅट नावाचा महामार्ग अधूनमधून बंद राहिल्याचं. हा रस्ता व्हँकुव्हर शहरात नाहीच. तो व्हँकुव्हर बेटावर आहे, शहरातून तिथे जायला आधी फेरीबोटीने समुद्र ओलांडावा लागतो.

पण अशा चुका दुरुस्त होऊ शकतात. खरी मेख आहे ती कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं यात. ईआययू स्थैर्याला २५ टक्के देतं, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, आरोग्यसेवेला २०, पायाभूत सुविधांना २० आणि शिक्षणाला १०. शाळेत जाणारी दोन मुलं असलेल्या घराला विचारा, शिक्षणाला १० चालतील का. आणि वजनं बदलली तर किती फरक पडतो? अमेरिकेत १९८५ साली एका पुस्तकाने तिथल्या ३२९ शहरांना क्रमांक दिले होते. पहिलं आलं पिट्सबर्ग, जिथे तेव्हा पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि तरुण मंडळी कामाच्या शोधात शहर सोडून चालली होती. शेवटचा नंबर कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीचा. तिथले लोक इतके चिडले की त्यांनी त्या पुस्तकाच्या प्रकाशकाने छापलेले नकाशे जाळले! पुढे १९८७ साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या चार संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी, तेच नऊ निकष घेतले आणि फक्त वजनं बदलून पाहिली. १३४ शहरं पहिली येऊ शकत होती, १५० शेवटची. आणि ५९ शहरं अशी होती की वजनं हवी तशी लावली तर पहिलीही येतील आणि शेवटचीही. आकडे सगळे खरे, एकही खोटा नाही. यानंतर 'अमुक शहर सतराव्यावरून बाविसाव्यावर' अशा बातमीने कोणी हळहळावं असं मला वाटत नाही.

सरासरीचा घोळ आहे तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या एका अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या पुरुषांचं आयुर्मान ५४ वर्षं आणि काही किलोमीटरवरच्या लेन्झीतलं ८२ वर्षं दिलं होतं. यांचा मिळून एक गुण काढलात तर तो नक्की कोणाचा?

तळाचे नंबर मात्र मी गंभीरपणे घेतो. युद्धाने पोळलेली सीरियातलं दमास्कस आणि लिबियातलं त्रिपोली तिथे का आहेत हे समजायला कुठलंही वजन लावायची गरज नाही. पण ढाकाही तिथेच आहे, २०२५ मध्ये १७३ पैकी १७१ वं. तरीही माणसं रोज ढाक्यात येताहेत, कारण काम तिथे आहे. यादी सोय मोजते, माणूस आधी पोट बघतो.

माझ्या भाचीला सध्या दोन शहरांतून नोकरीचं बोलावणं आहे. एक शहर पहिल्या दहातलं, दुसरं चाळिशीच्याही पुढचं. घरातल्या सगळ्यांनी अर्थातच पहिल्याला मत दिलं. ती पोरगी हुशार, तिने क्रमांक बाजूला ठेवून प्रश्न काढले: भाडं जाऊन हातात काय उरेल, रात्रपाळीनंतर घरी यायला गाडी मिळेल का, नवऱ्याला तिच्या व्हिसावर काम करता येईल का, पाळणाघरात जागा मिळायला किती महिने लागतात. पहिल्या दहातल्या शहरात पाळणाघराची वेटिंग लिस्ट वर्षभराची निघाली. दुसऱ्या शहरातल्या घरमालकाला तिने काल मेल केलीय.